आमटी चाखायची कुणी?

कंपनीच्या कँटीनमध्ये जेवणाचं कौतुक करायचे दोनच प्रकार आहेत. 'बरं हाय' असं म्हणणं हा एक, आणि काहीही न म्हणता पुन्हा भात मागणं हा दुसरा. निंदेचे प्रकार मात्र इतके, की ऐकताना मला स्वतःलाच दाद द्यावीशी वाटते. एकदा एका ऑपरेटरने चपाती दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडासमोर धरली, एक्स-रे बघावा तशी निरखली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "हाड मोडलेलं नाय, पन सूज हाय." मी काउंटरमागे उभी राहून हसले. पीठ खरंच घट्ट झालं होतं.

मी पेणची. सकाळी पेणच्या बाजारातून भाजी, वाल, सुकी मासळी टेम्पोत भरायची, नागोठण्यावरून रोहा गाठायचं आणि तिथल्या एका केमिकल कंपनीतल्या माणसांना शिफ्टप्रमाणे जेवू घालायचं, हा माझा धंदा. लोक विचारतात, त्यात काय एवढं? हॉटेलसारखंच ना? मुळीच नाही. हॉटेलात गिऱ्हाईक कधीतरी येतं आणि त्याला काहीतरी नवीन हवं असतं. कँटीनचं गिऱ्हाईक रोज येतं आणि त्याला कालचंच हवं असतं. फक्त ते कालचं आहे असं वाटता कामा नये. हॉटेलवाल्याचा आचारी एखाद्या दिवशी बहरतो आणि लोक त्याचं नाव घेतात. माझा आचारी एखाद्या दिवशी बहरला, तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तक्रार येते: "काल काय घातलं व्हतं? आज नाय घातलं का?"

तक्रारी वाचायलाही शिकावं लागतं. 'भात कच्चा आहे' अशी तक्रार आली, तर भात कच्चा असतो. 'रोज रोज तोच भात' अशी तक्रार आली, तर त्या माणसाचं फोरमनशी वाजलेलं असतं. भाजीवरून कुणी भांडत नाही. आमटीवरून मात्र भांडण झालं, तर ते खरं समजावं. आमटी ही आमच्याकडची जामीनदार आहे. बाकी सगळं बिघडलं तरी आमटी-भातावर माणूस शिफ्ट काढतो. आमटी बिघडली, तर त्याला घरची आठवण येते, आणि घरची आठवण आलेला माणूस यंत्रासमोर उभा करू नये.

चव म्हणजे तिखट-मीठ नव्हे, सवय, हे मला एका नागपूरकडच्या इंजिनिअरने शिकवलं. हे गृहस्थ नवे आले तेव्हा शर्टाच्या खिशात तिखटाची डबी ठेवत. आमच्या आमटीवर लाल डोंगर रचत आणि माझ्याकडे दयेने बघत. पुढे डोंगराची टेकडी झाली, मग डबी टेबलावर नुसती शेजारी बसू लागली, आणि एके दिवशी आलीच नाही. दिवाळीला घरी जाऊन आल्यावर ते काउंटरशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "ताई, आईच्या हातचं तिखट लागलं हो."

माझ्या कोठारावर रहमानभाई असतात. रोह्याजवळच्याच गावातले. उमेदीची वर्षं आखातात कामगारांच्या छावणीतल्या भटारखान्यात काढली, मग गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा परत आले. ते सांगतात, तिथे खायला कमी नव्हतं. मटण रोज, तांदूळ उत्तम, फळं पेट्यांनी. तरी नवा माणूस दोन-तीन महिन्यांत ताट समोर ठेवून नुसता बसायचा. आपल्याच बाजूच्या एकाने घरून मसाल्याची बरणी आणली होती. तो मसाला जेवणात घालत नसे. संपेल म्हणून. जेवायच्या आधी झाकण उघडायचा, वास घ्यायचा, झाकण लावायचा आणि मग समोर असेल ते मुकाट्याने जेवायचा. "आनि मग रांग लागली गो ताई," रहमानभाई म्हणतात. "सगले येऊन म्हनायचे, भाई, जरा झाकन उघड."

आता कुंदावहिनी.

कुंदावहिनीचं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं, सासर रोह्याजवळ. माझ्या कँटीनची मुख्य आचारी तीच. उंचीने लहान, आवाजाने मोठी. हातात पळी असली की कंपनीचा मॅनेजरसुद्धा तिच्याशी आधी नमस्कार करून बोलतो. तिची आमटी ही कंपनीची आमटी. बदली होऊन गेलेली माणसं फोनवर माझी चौकशी करत नाहीत, "वहिनी आहेत ना?" असं विचारतात.

स्वयंपाकघराच्या दाराशी हमरापूरहून आणलेला वीतभर गणपती बसवलेला आहे. दुपारचा स्वयंपाक झाला की आमटी-भाताचं पान आधी त्याच्यापुढे जातं, मग खिडकी उघडते. कुंदावहिनीचा नियम कडक. नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न चाखायचं नाही. चाखायचं तर नाहीच, वासही घ्यायचा नाही. घरोघरी बायका सणासुदीला हे पाळतात, ही रोज पाळायची. पूर्वी मी तिला चिडवायचे, "वहिनी, वास घ्यायचा नाही म्हणतेस, आणि लांबून सांगतेस कुठल्या गावचे वाल ते!" त्यावर ती नाक उडवून म्हणायची, "मी घेत नाय गो. तो येतो."

मग कोरोनाचं वर्ष आलं. कंपनी थोडी बंद, थोडी चालू. कुंदावहिनीलाही ताप आला, गेला, ती परत चुलीशी उभी राहिली. आमटी होती तशीच होती. बळीराजाला वामनाने पुन्हा पाताळात घातलं तरी ती तशीच राहिली असती, असा आमचा सगळ्यांचा विश्वास होता.

पुढे काही काळाने हेड ऑफिसकडून नवा नियम आला आणि तो घेऊन गौरी मॅडम आल्या. अन्नाचा दर्जा बघणाऱ्या अधिकारी. तरुण, शांत, सगळ्यांशी 'तुम्ही' म्हणून बोलणाऱ्या. नियम साधा होता. जेवण वाढण्यापूर्वी मुख्य आचाऱ्याने प्रत्येक पदार्थ स्वच्छ चमच्याने चाखायचा आणि ठीक आहे असं सांगायचं. त्यात चूक काय होती? काहीच नाही. जगातला प्रत्येक आचारी हेच करतो.

कुंदावहिनी म्हणाली, "नाय."

"का हो, वहिनी?"

"नैवेद्याआधी जिभेला लावायचं नाय."

"पण नियम आहे."

"माज्या बी घरचा नियम हाय. तुमच्या आधीचा."

गौरी मॅडम काही बोलणार, तेवढ्यात ही गोष्ट नरेशच्या कानावर गेली. नरेश आमच्या युनियनचा सेक्रेटरी. पगारवाढीचा करार झालेला होता, बोनसही ठरलेला होता, त्यामुळे गडी बरेच दिवस रिकामा होता. त्याने जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी उभं राहून भाषण ठोकलं. श्रद्धा, परंपरा, माताभगिनी, कोकणची माती. शेवटी तो म्हणाला, "या कंपनीत एक वेळ भात मिळाला नाही तरी चालेल, पण वहिनींच्या भावनेला धक्का लागू देणार नाही!" समोरून कुणीतरी ओरडलं, "भात नाय म्हंजे? भाताचं आदी सांग!"

पण हवा तापली. एचआरचे साहेब घाबरले. गौरी मॅडमना सांगण्यात आलं, जरा सबुरीने घ्या. मी बाजूला उभी राहून मजा बघत होते. कुंदावहिनी खालमानेने कोथिंबीर निवडत होती, आणि मला वाटलं, बाई लाजली. एवढा गजर आपल्यासाठी होतोय म्हणून.

त्याच आठवड्यातला बुधवार. बुधवारी सुकट-वांगं असतं. मी आणि रहमानभाई कोठारात गूळ बघत होतो, तोच करपल्याचा वास आला. असा तसा नाही. सुकट करपली की तिचा वास आधी माणसाला धरतो आणि मग भिंतीला. गेटवरचा वॉचमन शिट्टी तोंडात धरून धावत आला. आम्ही स्वयंपाकघरात गेलो तर मोठ्या कढईतून काळा धूर निघत होता, मदतनीस सुरेखा बाहेर नळावर होती, आणि कढईकडे पाठ करून, दोन हातांच्या अंतरावर, कुंदावहिनी वांगी चिरत होती. तालात. मान हलवत.

रहमानभाईंनी गॅस बंद केला. ती वळली, कढई बघितली, आणि तिच्या तोंडाचा रंग गेला.

"माजी पाठ व्हती ना," ती म्हणाली.

"पाठीला नाक नसतं, कबूल," रहमानभाई म्हणाले. "पन नाकाला पाठ नसते वहिनी. गेटावरचा मानूस धावत आला." मग त्यांनी कढईत डोकावून हळूच विचारलं, "आनि एक सांग. सुकटीचा नैवेद्य कुठला गनपती घेतो? नाय ना घेत? मग बुधवारची सुकट बी तू का नाय चाखत?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता, असं वाटून मला त्यांचा हेवा वाटला. कुंदावहिनी पालथ्या क्रेटवर बसली. सुरेखा बाहेरून येत होती, तिला तिने हातानेच परत पाठवलं.

"ताप आला तवापासून," ती म्हणाली. "नाकाला काय येत नाय. जिभेवर कापूस ठेवल्यागत. गूळ खाल्ला तरी कापूस, मिरची खाल्ली तर नुसती आग, आगीला चव नाय. मना वाटलं आठ दिसांत जाईल."

"आणि आमटी कशी करतेस?" मी विचारलं.

"हाताला येते. फोडनीचा आवाज येतो, डाळ शिजल्याली दिसते." ती म्हणाली. "आनि बाळाराम."

बाळाराम खांब गावचा. बॉयलरवर कामाला. गेली अनेक वर्षं जेवणाच्या रांगेत पहिला नंबर त्याचा, कारण त्याची शिफ्ट तशी सुटते आणि त्याचं पोटही तसंच आहे. कुंदावहिनी नैवेद्य झाल्यावर पहिलं ताट बाळारामला देई आणि जाळीआडून त्याचं तोंड बघत राही. मीठ आणि चिंच ती मुद्दाम हात आखडून घालायची. बाळारामचा हात मिठाकडे गेला की मागे पातेल्यात मूठ पडायची. त्याने लिंबू मागितलं की चिंचेचा कोळ पडायचा. भुवया जागच्या जागी राहून तो भात कालवायला लागला, की ती सुरेखाला म्हणायची, "चल, खिडकी उघड." कंपनीतल्या सगळ्यांची आमटी बाळारामच्या तोंडावर ठरत होती आणि बाळारामला त्याचा पत्ता नव्हता.

"कुनाला सांगू नका," ती म्हणाली. "मना चुलीवरनं उठवतील. मना कुंदा म्हनून कोन वलखतं गो? आमटीवाली म्हनून वलखतात. ती आमटी मनाच लागत नाय, ह्ये कुनाला सांगू?"

आम्ही कुणालाही काही सांगितलं नाही. त्या दिवशी लोकांना सुकटीऐवजी बटाटा मिळाला आणि नरेशने त्यातही व्यवस्थापनाचा हात शोधला.

आता गंमत बघा. गौरी मॅडम हट्टी नव्हत्या. त्यांनी दोन दिवस विचार केला, कुणाकुणाशी बोलल्या आणि इतका सरळ तोडगा काढला की कुणालाच सुचला नव्हता. पातेलं उतरलं की लगेच नैवेद्याचं पान आधी काढायचं, गणपतीला दाखवायचं, आणि मग आचाऱ्याने चाखायचं. देवाचं आधी, कंपनीचं नंतर. नरेशने ताबडतोब विजय जाहीर केला. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळे खूश. आणि या सगळ्या खुशीमध्ये कुंदावहिनीची शेवटची आडोशाची भिंत पडली.

सोहळा ठरला सोमवारचा. हो, सोहळाच. साहेब आले, गौरी मॅडम आल्या, नरेश इस्त्रीचा शर्ट घालून आला. गणपतीला हार. कामगार जाळीपलीकडे खचाखच उभे. नैवेद्य दाखवला गेला, घंटा वाजली. गौरी मॅडमनी नवाकोरा चमचा कुंदावहिनीच्या हातात दिला. नाटकात अशा वेळी पेटीवाला एक सूर धरून ठेवतो. आमच्याकडे एक्झॉस्ट पंख्याने धरला होता.

मी मनात म्हणत होते, बाई, नुसतं 'बरं हाय' म्हण. या इमारतीत ते दोन शब्द नेहमीच चालतात. आणि तिने तेच केलं. चमचा तोंडाला लावला, डोळे मिटले, मान डोलवली. अभिनय सुरेख.

"बरं हाय," ती म्हणाली. "मीठ बरोबर."

टाळ्या झाल्या. नरेशने स्वतःच्या हाताने वाटी भरून घेतली, एक घोट घेतला. मी त्याचा चेहरा विसरणार नाही. भुवया वर गेल्या, जीभ गालात काहीतरी शोधत फिरली, पण नेता तो नेता. "एकदम बरोबर!" तो म्हणाला. साहेबांनी घेतली, तेही म्हणाले, "छान, छान." गौरी मॅडमनी एक घोट घेतला आणि वाटी तशीच पुढे दिली. वाटी बाळारामपर्यंत गेली.

"आरं," बाळाराम म्हणाला, "ही तर अळनी हाय."

अळणीच होती. कुठून असणार मीठ? मीठ पडायचं ते बाळारामचं तोंड बघून, आणि आज बाळारामच्या आधी सगळी कंपनी उभी होती.

कुंदावहिनीने चमचा पातेल्याच्या कडेवर ठेवला, पदर सारखा केला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ताप, नाक, जीभ, कापूस, बाळाराम, सगळं. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "देवाच्या नावाखाली लपले, त्याचं तो बघेल. तुमचं तुमी बोला."

पहिला आवाज बाळारामचा. "म्हंजे मी इतके दिस हिकडं बी नोकरी करत व्हतो? आनि पगार एकाच ठिकानचा?"

लोक हसले, आणि मला वाटलं, निभावलं. पण गौरी मॅडम हसल्या नव्हत्या. त्यांनी अगदी हळू विचारलं, "वहिनी, गॅसचा वास येतो तुम्हाला?"

"नाय."

"मग तुम्हाला मी चुलीशी उभं राहू देऊ शकत नाही. आज तरी नाही."

नुकतीच करपलेली सुकट मला आठवली आणि मी सुरेखाला पळी घ्यायला सांगितलं. त्या दिवसापासून कुंदावहिनी तांदूळ निवडायला मागच्या पडवीत बसली आणि चूल सुरेखाकडे आली. चाखण्यासाठी कँटीन कमिटीने पाळ्या लावल्या. रोज एक चाखणारा.

लोकशाहीची मला आवड आहे, पण ती आमटीत घालू नये, हे मला त्या आठवड्यात कळलं. पहिली पाळी नरेशची. त्याच्या बायकोचं माहेर घाटावरचं. त्याने चमचा चाटला आणि म्हणाला, "जरा कूट पडू दे." शेंगदाण्याचं कूट पडलं. दुसऱ्या दिवशी नागपूरचे इंजिनिअर. त्यांची जुनी डबी कुठून तरी पुन्हा उगवली. तिसऱ्या दिवशी अकाउंट्सचे एक गृहस्थ, त्यांना रक्तदाबामुळे मीठ बंद. त्यांनी मन लावून चाखली आणि म्हणाले, "उत्तम!" त्या दिवशी मिठाच्या बरणीसाठी मारामारी व्हायची बाकी राहिली. प्रत्येकजण घरची चव पातेल्यात उतरवू बघत होता आणि कुणालाच घरी असल्यासारखं वाटत नव्हतं. पुढच्या आठवड्यात लोक डबे आणायला लागले. स्टीलचे, तीन पुडांचे. माझ्या धंद्यात याहून भयानक दृश्य नाही.

पडवीत कुंदावहिनी तांदूळ निवडत होती. जाणारेयेणारे तिच्याकडे न बघता जात. तिनेही मान वर केली नाही. दुपारी ती जेवायची ते उभ्याने, चार घासांत, औषध घ्यावं तसं. मी एकदा म्हटलं, "बस की गो." ती म्हणाली, "कशाला बसू? जेवन काय बोलत नाय माज्याशी."

शेवटी बाळाराम गेला. एकटा, बॉयलरच्या मळक्या कपड्यांत, गौरी मॅडमच्या केबिनमध्ये. काय बोलला ते मला मॅडमनीच नंतर सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, गॅसचं तुमचं बरोबर हाय. पन गॅस हुंगायला मशीन मिलते. आमटी करायला मिलत नाय." मॅडम म्हणाल्या, "मशीन मी आधीच मागवलंय. आणि चव?" बाळाराम म्हणाला, "ती मी सांगतो. सांगतच व्हतो. आता मना म्हाईत असंल, एवढाच फरक."

गॅस गळला तर कोकलणारं यंत्र भिंतीवर बसलं. सकाळी आलेला माल, दूध, मासळी रहमानभाईंनी नाकाने तपासायची, असं ठरलं. यावर नरेशने एक शंका काढलीच, की नैवेद्याच्या सामानाचा आधी वास घेतलेला चालतो का. कुंदावहिनीने पडवीतून उत्तर दिलं, "बाजारात जाताना तू नाक घरी ठेवून जातस का रं?" शंका मिटली. गौरी मॅडमनी जातीने उभं राहून दोन आठवडे सगळं बघितलं, मग हेड ऑफिसला कळवलं, आणि कुंदावहिनी चुलीशी परतली. तिची अट एकच होती, आणि ती बाळारामला होती.

"नुसतं 'बरं हाय' म्हनलास तर पली हानीन. नीट सांगायचं. काय लागलं, कुठं लागलं, आदी का मागनं. मना दिसलं पायजे."

झालं! उभ्या आयुष्यात जेवणावर दोन शब्द बोललेला माणूस, त्याला वर्णन करायला लावलं. पहिल्या दिवशी बाळाराम चमचा घेऊन घामाघूम झाला. "आंबट... हाय," तो म्हणाला. "किती?" "आंबटाएवढा." पळी उगारली गेली. मग हळूहळू त्याला वाट सापडली. एकदा म्हणाला, "चिंच दारात उभी हाय वहिनी, आत येत नाय." कुंदावहिनीने तत्काळ कोळ वाढवला. एकदा म्हणाला, "लसूण पुडं पलतोय, डाल मागं ऱ्हायली." आणि सगळं जमून आलं की म्हणायचा, "खांबच्या नाक्यावर यष्टी टायमात आली." हे त्याचं सर्वोच्च कौतुक. आमच्या बाजूचा हायवे ज्यांना माहीत आहे, त्यांना ते किती मोठं आहे हे कळेल. बाकीचेही ऐकता ऐकता बोलायला लागले. आता काउंटरशी मला रोज इतकी वर्णनं ऐकावी लागतात, की पूर्वीचं 'बरं हाय' कधी कधी बरं होतं असं वाटतं.

अशी वर्षं गेली. कुंदावहिनीची जीभ आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. तिने विचारायचं सोडलं. आम्हीही सोडलं.

यंदा गौरी-गणपतीच्या सुट्ट्या संपून कंपनी सुरू झाली, त्या आठवड्यातली गोष्ट. मसुराची आमटी. नैवेद्य झाला होता, बाळारामने चाखून यष्टी टायमात आल्याचं जाहीर केलं होतं, खिडकी उघडली होती. गर्दी ओसरल्यावर कुंदावहिनीने आपली वाटी घेतली आणि उभ्यानेच घोट घेतला.

आणि किंचाळली.

"शी! शी! काय हाय ह्ये? काय सडलंय?"

हातातले घास टाकून लोक उठले. रहमानभाई गुडघे विसरून धावले, पातेल्यात नाक घालून म्हणाले, "काय नाय, एकदम ताजी." बाळारामने पुन्हा चाखली. "यष्टी उभी हाय वहिनी! टायमात!" यंत्र भिंतीवर गप्प होतं. मी चाखली. आमटी उत्तम होती.

कुंदावहिनीने दुसरा घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि मोरीत थुंकली. तिसरा घेतला. या वेळी थुंकली नाही. तोंडात धरून उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"रबर जालल्यागत लागते गो ताई," ती म्हणाली. "घान लागते. काय घान लागते!"

गौरी मॅडम त्या दिवशी कंपनीतच होत्या. त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवून त्या म्हणाल्या, कधी कधी गेलेली चव परत येते ती अशी उलटीपालटी येते. आधी सगळं सडकं लागतं. मग हळूहळू सरळ लागतं. कधी लागतं, कधी नाही.

"पण वहिनी, त्रास होत असेल तर नका खाऊ," असं म्हणून त्यांनी वाटी काढून घ्यायला हात पुढे केला.

कुंदावहिनीने वाटी छातीशी धरली. मग बाकावर बसली, सावकाश, मांडी घालून, पंगतीला बसावं तशी. बाळारामकडे बोट करून म्हणाली, "भात वाढ रं. आनि कुनी बोलू नका आता. मना जेवू दे."